खान्देशातल्या छोट्या खेड्याची लोकसंख्या कुठे मिळेल? गावात एसटी जाते का, हे कसं कळेल?

२०११ च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका उघडा. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्हींची वेगळी आहे. 'अ' भागात गावाच्या सोयी, 'ब' भागात लोकसंख्या. तालुका नीट बघा, बुद्रुक की खुर्द तेही. नाहीतर शेजारच्याच गावाचा आकडा उचलाल.

बस नसेल तर ती पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहा की त्यापलीकडे मिळते, एवढंच तिथे कळतं. खरी माहिती तालुक्याच्या डेपोतल्या चौकशी खिडकीवर. मुक्कामी गाडी आहे का, एवढं विचाराच. ती असली की पहाटे निघता येतं. नाहीतर फाट्यापर्यंत चाला आणि काळी-पिवळी भरेपर्यंत थांबा. (बाजाराच्या दिवशी ती लवकर भरते.)