पाव कडक होतात ते यीस्ट कमी पडल्यामुळे नव्हे

तुम्ही विचारलंय, घरचे लादी पाव दुसऱ्या दिवशी दगडासारखे होतात, तर यीस्ट वाढवू का? आणि ओव्हनऐवजी कढईत जमतील का?

यीस्ट वाढवू नका. पीठ भराभर फुगेल, पावाला आंबूस वास येईल आणि दुसऱ्या दिवशी दगड ते दगडच. चूक मळताना होते. मैदा हाताला चिकटला की वरून मूठभर कोरडा मैदा भुरभुरता ना? ही पोळीच्या कणकेची सवय. याच मुठीवरून आमच्या जाऊबाईंशी माझा जुना वाद आहे. त्यांच्या मते चिकटणारं पीठ म्हणजे बिघडलेलं पीठ. अहो, पावाचं पीठ सुरुवातीला चिकटायलाच हवं!

एकूण मैदा ५०० ग्रॅम. त्यातला २५ ग्रॅम १२५ मिली पाण्यात मंद आचेवर खिरीसारखा दाट शिजवून गार करा. शिजलेला मैदा पाणी धरून ठेवतो, पाव दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो तो यामुळे. उरलेल्या मैद्यात ही खीर, २२० मिली कोमट दूध, ३० ग्रॅम साखर, ९ ग्रॅम मीठ, ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. ओट्यावर घेऊन ताणा, दुमडा, आपटा. सात-आठ मिनिटांनी पीठ हात सोडू लागतं. तेव्हा ४० ग्रॅम लोणी घालून पुन्हा तेवढंच मळा. लोणी आधी घातलं तर मैद्याला तार यायला उशीर लागतो. आता लिंबाएवढा गोळा दोन्ही हातांनी हळूहळू ताणून बघा. भोक पडून कडा करवतीसारख्या दिसल्या तर अजून मळा. पलीकडच्या बोटांची सावली दिसेल इतका पातळ पडदा आला, की झालं.

दुप्पट फुगू द्या. मे महिन्यात ४० मिनिटं पुरतात, पुण्यातल्या जानेवारीत दीड तासही लागतो. मग १६ गोळे, ९ इंची चौकोनी ट्रेमध्ये जवळजवळ; एकमेकांना टेकले की बाजू कडक होत नाहीत. पुन्हा फुगल्यावर बोटाने दाबा. खळगा सावकाश, अर्धवट भरून आला की वरून दूध लावून २०० अंशांवर १८ ते २० मिनिटं भाजा. खळगा भरलाच नाही तर उशीर झालाय, पाव बसणार. बाहेर काढल्यावर लोणी लावून ओलसर फडक्याखाली झाका.

आणि फ्रिजमध्ये ठेवत असाल तर बंद करा, तिथे पाव जास्त लवकर शिळा होतो. डब्यात बाहेर ठेवा किंवा सरळ फ्रीझरमध्ये.

कढईत होतात, पण वरून पांढरेच राहतात आणि बूड करपायची भीती. कणकेचे करायचे असतील तर दूध थोडं वाढवा. पावसाळ्यात मैदा दमट असतो, तेव्हा २० मिली दूध हातचं राखा. एवढं मी जाऊबाईंचं मान्य करते. कोरडा मैदा मात्र वरून नाहीच.