मोठा बास मासा होडीतल्या आवाजाने खरोखर बिथरतो का?

तुम्ही विचारले आहे की, अॅल्युमिनियमच्या छोट्या होडीतून विजेच्या मोटरवर मासेमारी करताना लहान बास (लार्जमाउथ बास, गोड्या पाण्यातला एक शिकारी मासा) भरपूर लागतात, पण मोठा बास जवळजवळ कधीच गळाला लागत नाही. तुमचा एक सोबती होडीत बोलूही देत नाही आणि दुसरा म्हणतो की आवाजाने काही बिघडत नाही. तेव्हा खरे कोणाचे? माझ्या मते दोघांचेही चुकते आहे. पहिल्याला आवाजाची काळजी आहे हे चांगलेच, पण तो नेमक्या निरुपद्रवी आवाजाची काळजी करत बसला आहे.

हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावर पोहोचतो तेव्हा त्याच्या ऊर्जेचा जेमतेम हजारावा भाग पाण्यात उतरतो आणि उरलेला सगळा परत फिरतो. त्यामुळे साध्या आवाजात गप्पा मारल्याने खाली दोन मीटरवर असलेल्या माशाला काही कळण्याची शक्यता फार थोडी. होडीच्या तळावर पक्कड पडली, आमिषांच्या पेटीचे झाकण आपटले किंवा जड बुटांचा पाय जोरात टेकला, तर मात्र गोष्ट वेगळी होते. तळाचा पत्रा पाण्याला चिकटलेलाच असल्यामुळे तो धक्का मधल्या कुठल्याही अडसराविना थेट पाण्यात शिरतो आणि सेकंदाला सुमारे 1,500 मीटर, म्हणजे हवेतल्या आवाजाच्या चौपटीहून अधिक वेगाने पसरतो. फायबरच्या होडीत हा त्रास काहीसा कमी असतो. अॅल्युमिनियमचा पत्रा मात्र ढोलासारखा वाजतो.

बासची श्रवणशक्तीही याच प्रकारच्या आवाजाला अनुकूल आहे. त्याच्या कानात चुनखडीचे लहान खडे असतात आणि पाण्याच्या कंपनाबरोबर होणाऱ्या त्यांच्या हालचालीवरून त्याला आवाज कळतो. कार्पसारख्या माशांत वाताशय (पोटातली हवेची पिशवी) आणि कान यांना जोडणारी हाडांची साखळी असते, म्हणून त्यांना उंच स्वरही ऐकू येतात. बासमध्ये ती नसल्यामुळे त्याला काही शे हर्ट्झपर्यंतचेच, म्हणजे खालच्या पट्टीतले आवाज नीट ऐकू येतात, आणि पावलाचा दणका किंवा नांगर टेकल्याचा धक्का नेमक्या याच पट्टीत असतो. याउलट फिश फाइंडर, म्हणजे ध्वनिलहरी सोडून मासे शोधणारे यंत्र, याच्या सोनार लहरींची वारंवारता 200 किलोहर्ट्झ किंवा त्याच्या आसपास असते, तेव्हा त्या माशाला ऐकू येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. अंगाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या पार्श्वरेषेने, म्हणजे संवेदनशील रेषेने, त्याला पाण्याची हालचाल जाणवते खरी, पण ती फार जवळची. स्वतःच्या लांबीच्या एकदोन पटींपलीकडे तिचा फारसा उपयोग होत नाही.

आता आवाजाने होते काय, हे पाहू. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका कॅनेडियन अभ्यासात लार्जमाउथ बासच्या हृदयाचे काम मोजणारी उपकरणे बसवून त्यांना तीन प्रकारचे आवाज ऐकवण्यात आले: वल्ह्याने चालवलेल्या कनूचा (अरुंद, हलक्या होडीचा), विजेच्या ट्रोलिंग मोटरचा (मासेमारीच्या होडीला सावकाश चालवणाऱ्या मोटरचा) आणि पेट्रोलवर चालणाऱ्या लहान इंजिनाचा. तिन्ही वेळा हृदयाचे ठोके वाढले. ते पूर्ववत व्हायला कनूनंतर सुमारे 15 मिनिटे, विजेच्या मोटरनंतर सुमारे 25 मिनिटे आणि इंजिनानंतर सुमारे 40 मिनिटे लागली. या प्रयोगात भूक मोजलेली नव्हती, त्यामुळे त्यावरून मासा तेवढा वेळ खातच नाही असे म्हणता येणार नाही. तरीही मला त्यातून एक महत्त्वाची गोष्ट दिसते, ती अशी की बाहेरून काहीही न दाखवता मासा आतून सावध झालेला असू शकतो. दुसरा सोबती आवाजाने काही बिघडत नाही असे म्हणतो, कारण त्याने मासा पळताना पाहिलेला नसतो. मोठा बास बहुतेक वेळा पळतच नाही. तो लव्हाळ्याच्या कडेला जिथे असतो तिथेच राहतो, फक्त आमिषाकडे वळत नाही, आणि आपण मात्र इथे मासाच नाही असे समजून होडी पुढे नेतो.

मग लहान बास त्याच आवाजात का लागतात? खरोखर मोठा बास ही जवळजवळ नेहमी मादी असते आणि तेवढे वजन यायला तिला बरीच वर्षे लागतात. तेवढ्या काळात अनेक होड्या तिच्या डोक्यावरून गेलेल्या असतात. शिवाय अमेरिकेतील इलिनॉय राज्यात अनेक वर्षे चाललेल्या प्रयोगात असे दिसले की गळाला सहज लागण्याचा किंवा न लागण्याचा स्वभाव बासमध्ये काही प्रमाणात आनुवंशिक असतो. जिथे मासेमारी जास्त होते, तिथे मोठे होण्याइतके जगलेले मासे मुळातच सावध स्वभावाचे असण्याची शक्यता जास्त, असा तर्क मी यावरून करतो. लहान माशांत भुकेची चढाओढ असते, त्यामुळे ते अशा गोष्टींकडे लक्ष देत नाहीत.

मात्र यावरून प्रत्येक आवाज वाईट असा निष्कर्ष काढू नका, कारण तसे असते तर आत छर्रे खुळखुळणारी कृत्रिम आमिषे कधी चाललीच नसती. माझ्या अनुभवात आवाज किती मोठा आहे यापेक्षा तो किती अचानक बदलतो हे जास्त महत्त्वाचे ठरते. सतत चालणाऱ्या आवाजाला मासा सरावतो. मानाबु कुरिता यांनी 2 जुलै 2009 रोजी जपानच्या बिवा सरोवरात पकडलेला सुमारे 10.12 किलोचा बास, जो जॉर्ज पेरी यांच्या 1932 सालच्या जागतिक विक्रमाच्या बरोबरीचा धरला जातो, तो एका पुलाजवळच लागला होता. तिथे शांतता असेल असे मला वाटत नाही. म्हणून विजेची मोटर मंद आणि एकाच वेगात चालू ठेवणे हे ती सारखी चालू-बंद करण्यापेक्षा बरे. उपग्रहाच्या आधाराने होडी एका जागी धरून ठेवणारी सोय सोयीची आहे खरी, पण वाऱ्यात ती मोटरला सतत झटके देत राहते, आणि उथळ पाण्यात मी ती वापरत नाही. पकडलेले मासे ठेवण्याच्या टाकीचा पंप टायमरवर मधूनमधून सुरू होत असेल, तर हीच गोष्ट त्यालाही लागू आहे. पंख्यात पाणवनस्पती अडकली की खरखर सुरू होते. अशा वेळी वेग वाढवून ती तोडण्याचा प्रयत्न करण्याऐवजी मोटर बंद करून हाताने काढावी.

उथळ पाण्याची एक गंमत सांगण्यासारखी आहे. खालच्या पट्टीतला आवाज अगदी उथळ पाण्यात फार दूर जाऊ शकत नाही, कारण त्याची तरंगलांबी पाण्याच्या खोलीच्या मानाने फार मोठी असते. म्हणजे उथळ जागी, जिथे आपण सर्वांत जास्त घाबरतो, तिथेच अंतर राखण्याचा फायदाही सर्वांत जास्त मिळतो. तिथे आवाजाइतकाच धोका नजरेचा असतो. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे एक मीटर खोलीवरच्या माशाला पाण्याबाहेरचे सगळे जग पृष्ठभागावरच्या सुमारे 2.3 मीटर व्यासाच्या वर्तुळातून दिसते. त्यात क्षितिजालगतचे 10 अंश जवळपास 1 अंशात दाबले जातात, त्यामुळे तिथली वस्तू त्याला ओळखता येणे अवघड असते. होडीत उभ्या असलेल्या माणसाचे डोके पाण्यापासून दोन मीटर उंच धरले, तर 10 मीटर अंतरावर ते या 10 अंशांच्या किंचित वर येते. खाली बसल्यास किंवा 20 मीटरवरून आमिष फेकल्यास ते बरेच खाली जाते. वारा आणि लाटा असल्या की हे वर्तुळ फुटते आणि बारीक आवाजही त्यात झाकले जातात. निवळ, स्तब्ध पाणी असेल तर मात्र मी बसूनच आमिष फेकतो आणि माझी सावली त्या जागेवर पडणार नाही अशी बाजू निवडतो.

जागेवर कसे पोहोचायचे हा यातला सर्वांत मोठा भाग आहे. मोठे इंजिन असेल तर ते निदान शंभर मीटर आधी बंद करावे आणि आपल्याच होडीची लाट पुढे निघून काठावर विरेपर्यंत थांबावे. त्यानंतर शक्य असेल तर वाऱ्याच्या वरच्या अंगाला जाऊन होडी मोटरशिवाय वाहू द्यावी. नांगर फेकू नये. दोरी हातात धरून तो तळाला टेकेपर्यंत सावकाश सोडावा, आणि साखळी असेल तर ती पत्र्यावर घासणार नाही असे पाहावे. होडीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, लाटेकडे असावी, कारण सपाट बाजूवर आपटणाऱ्या लाटेची थपथप संपूर्ण तळातून ऐकू जाते. आमिषही माशाच्या डोक्यावर टाकू नये. ते पलीकडे टाकून त्याच्या वाटेवर आणावे, आणि पाण्याला टेकण्याच्या क्षणी रिळावर अंगठा ठेवून त्याचा वेग कमी करावा.

तुमच्या होडीपुरते सांगायचे तर नवी, महाग मोटर घेण्याचा विचार सध्या बाजूला ठेवा. आधी तळावर आणि बसण्याच्या फळ्यांवर जाड रबर किंवा फोमची चटई घाला, पेट्यांच्या झाकणांच्या कडांना मऊ पट्ट्या लावा, शिशाची वजने कापडी पिशवीत ठेवा, वल्ह्यांच्या कड्यांना ग्रीस लावा आणि मऊ तळव्याचे बूट घाला. मग पूर्वी रिकाम्या वाटलेल्या एखाद्या चांगल्या जागी, वर सांगितल्याप्रमाणे पोहोचून, पहिले आमिष टाकण्यापूर्वी अर्धा तास काहीच करू नका. तेवढा वेळ गप्पा मारायला हरकत नाही, हे तुमच्या पहिल्या सोबत्यालाही सांगा.