विचारा, सांगते : पोर्टल गप्प आहे, म्हणजे काय समजायचं?

प्रश्न : ताई, मी अमेरिकेतल्या एका डिव्हिनिटी स्कूलमध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या धर्मशास्त्राच्या महाविद्यालयात, एमटीएस ही पदव्युत्तर पदवी करतो आहे. दक्षिण आशियातल्या धर्मपरंपरा, त्यातही महानुभाव पंथ, हा माझा विषय. डिसेंबरात सहा-सात ठिकाणी रिलिजस स्टडीजच्या पीएचडीसाठी अर्ज केले. एकीकडून नकार आला, एकीकडे व्हिडिओवर मुलाखत झाली. बाकी सगळ्या पोर्टलांवर ‘अर्ज विचाराधीन’ एवढंच दिसतं. फेब्रुवारी संपत आला. माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीला परवा एका विद्यापीठातून प्राध्यापकांचा फोन आला. तिथे मीही अर्ज केला आहे. म्हणजे माझं तिथलं संपलं का? प्राध्यापकांना लिहून विचारू का?
— एक वाचक, अमेरिका

उत्तर : मैत्रिणीचा विषय कोणता, ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं त्यावरच अवलंबून आहे. ती आरंभकाळातल्या ख्रिस्ती धर्मावर किंवा अमेरिकेच्या धर्मेतिहासावर काम करणार असेल, तर तिच्या फोनचा तुमच्या अर्जाशी काडीचा संबंध नाही. तीही दक्षिण आशियावरच काम करणार असेल, तर पहिल्या फेरीतली जागा बहुधा गेली. तरी प्रतीक्षायादी उरतेच.

असं का, ते नीट सांगते. मी अमेरिकेत हाच विषय शिकवला आणि प्रवेश समितीवरही बसले. बाहेर उभ्या असलेल्या मुलांना आतलं काही दिसत नाही, आणि त्या न दिसण्यातून ती स्वतःबद्दल नको नको ते निष्कर्ष काढतात. ते पाहून मला फार वाईट वाटतं.

ग्रॅज्युएट स्कूल, म्हणजे विद्यापीठाची पदव्युत्तर शिक्षण सांभाळणारी शाखा, विभागाला आधी जागांचा एक आकडा देते. छोट्या विभागाला चार-पाच जागा, त्याही सगळ्या उपशाखा मिळून. हिब्रू बायबल, इस्लाम, बौद्ध परंपरा, दक्षिण आशिया, अमेरिकी धर्म, धर्माचं तत्त्वज्ञान, नीतिशास्त्र, या सगळ्यांनी त्या चार-पाच जागा वाटून घ्यायच्या. अर्ज आधी त्या त्या उपशाखेच्या प्राध्यापकांकडे जातात. ते दोघा-तिघांची नावं पुढे करतात आणि मग एका टेबलाभोवती बसून बोलणं सुरू होतं.

तिथे गुणपत्रिकेवर दोन मिनिटंही जात नाहीत. वेळ जातो तो स्टेटमेंट (काय अभ्यासायचं आणि का, ते सांगणारं निवेदन) आणि रायटिंग सॅम्पल (अर्जासोबत जोडलेला निबंध) यांवर. कोणीतरी निबंधातल्या तळटिपेखाली रेघ मारलेली असते, कारण तिथे विद्यार्थ्याने छापील भाषांतर न उचलता मूळ ओळीचा स्वतः अर्थ लावलेला असतो. ‘हा वाचतो,’ असं ते प्राध्यापक म्हणतात, आणि आमच्या विषयात याहून मोठी शाबासकी नाही. मग टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून प्रश्न येतो : तिसऱ्या वर्षी याच्याबरोबर हे ग्रंथ कोण वाचणार? जुनी मराठी जाणणाऱ्या एकमेव प्राध्यापक दोन वर्षांनी निवृत्त होणार असतील किंवा त्यांच्याकडे आधीच तीन विद्यार्थी असतील, तर तो अर्ज तिथेच बाजूला पडतो. गेल्या वर्षी दोन जागा दक्षिण आशियाला गेल्या असतील, तर या वर्षी इस्लामची पाळी असते. नकाराच्या पत्रात यातलं एक अक्षर येत नाही. ‘या वर्षी अर्ज फार आले’ एवढंच येतं.

त्यातच ही काही वर्षं वाईट आहेत. २०२०च्या साथीनंतर अनेक मानव्यविद्या विभागांनी वर्षभर पीएचडी प्रवेश बंद ठेवले होते. २०२५मध्ये सरकारी अनुदानांना कात्री लागल्यावर कित्येक विद्यापीठांनी पुन्हा जागा कमी केल्या, काहींनी प्रवेश थांबवलेच. जी जागाच नाही, तिच्यासाठी तुम्ही कमी पडलात असं म्हणता येत नाही.

विभागाची यादी ठरली की ती डीनकडे जाते आणि अधिकृत पत्र ग्रॅज्युएट स्कूलकडून निघतं. प्राध्यापक त्याआधीच फोन करतात, कारण चांगला विद्यार्थी दुसरीकडे जाऊ नये असं त्यांना वाटतं. नकार मात्र सगळ्यात शेवटी, बऱ्याचदा मार्चमध्ये एकगठ्ठा निघतात, कारण तोवर प्रतीक्षायादी हाताशी ठेवायची असते. वेळापत्रकही सगळीकडे सारखं नसतं. हार्वर्डमध्ये या पीएचडीचा अर्ज डिव्हिनिटी स्कूलकडे न जाता ग्रॅज्युएट स्कूलकडे जातो. शिकागोत पीएचडी डिव्हिनिटी स्कूलचीच असते. ड्यूक आणि एमरीत धर्मविभाग आणि तिथलं डिव्हिनिटी किंवा थिऑलॉजीचं स्कूल असे दोन्हीकडचे प्राध्यापक मिळून हा अभ्यासक्रम चालवतात, म्हणजे एकमत व्हायला माणसं जास्त. एका विद्यापीठाच्या तारखेवरून दुसऱ्याचा अंदाज बांधू नका.

प्राध्यापकांना आत्ता लिहू नका. त्यांना माहीत असलं तरी सांगता येत नाही, आणि तुमच्या पत्राने ते अवघडतात. मार्चच्या मध्यापर्यंत काही कळलं नाही, तर विभागाच्या ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला तीन ओळींचं पत्र लिहा. तो त्यांच्या कामाचाच भाग आहे, त्यांना राग येत नाही. सांगण्यासारखं खरोखर नवं असेल, म्हणजे लेख स्वीकारला गेला किंवा दुसरीकडून फंडिंगसह प्रवेश मिळाला, तर मात्र जरूर कळवा. मुलाखत झाली तिथे आभाराचं पत्र गेलं असेलच. गेलं नसेल तर आज पाठवा.

आणि या दिवसांत वाचन थांबवू नका. मराठी मातृभाषा आहे म्हणून तेराव्या शतकातली मराठी येतेच, असं कोणतीही समिती धरून चालत नाही. महानुभावांच्या बऱ्याच पोथ्या सांकेतिक लिप्यांत आहेत. त्यातली सकळ लिपी तुम्हाला सरावाने वाचता येत असेल, तर ते कौशल्य अमेरिकेत बोटांवर मोजण्याइतक्या लोकांकडे आहे. ॲन फेल्डहाऊस, ख्रिश्चन नोवेत्झके, जॉन क्यून यांच्यासारख्यांनी अमेरिकी विद्यापीठांत मराठी धर्मपरंपरांवर आयुष्याची वर्षं घातली, म्हणून आज तुमच्या अर्जातला ‘महानुभाव’ हा शब्द समितीला परका वाटत नाही. संस्कृत कच्चं असेल तर ते घ्या. जर्मन किंवा फ्रेंच वाचनाची परीक्षा पुढे बहुतेक ठिकाणी द्यावीच लागते, ती सुरू करा. अमेरिकन अकॅडमी ऑफ रिलिजन या धर्म-अभ्यासकांच्या संघटनेचं अधिवेशन नोव्हेंबरात भरतं आणि त्याचे प्रस्ताव याच सुमारास मागवतात. एमटीएसच्या प्रबंधातलं एखादं प्रकरण तिथे पाठवून पाहा.

प्रश्न : आमची मुलगी अमेरिकेत आहे. तिने धर्म या विषयात पीएचडीसाठी अर्ज केले आहेत आणि महिनाभर ती निकालाची वाट बघते आहे. फोनवर धड बोलत नाही. आम्ही रोज विचारतो, काही कळलं का, की चिडते. आमच्या ह्यांना तर हे शिक्षण कशासाठी, तेच उमगत नाही. ती संन्यासी वगैरे होणार आहे का, असं नातेवाईक विचारतात. आम्ही काय बोलावं?
— एक आई

उत्तर : रोज विचारणं आजपासून बंद करा. कळलं की ती पहिला फोन तुम्हालाच करणार आहे. तोवर तुमचा प्रत्येक ‘कळलं का?’ तिला ‘अजून नाही’ हे पुन्हा म्हणायला लावतो, आणि ते म्हणताना आपण तुम्हाला निराश करतो आहोत असं तिला वाटतं. त्यापेक्षा ती सध्या काय वाचते आहे ते विचारा. पाच मिनिटं तिला सांगू द्या, समजलं नाही तर पुन्हा विचारा. या मुलांना आपल्या विषयाबद्दल घरचं कोणी विचारतच नाही. नकार आला असं तिने सांगितलं, तर ‘तरी आम्ही कॉम्प्युटर घे म्हणत होतो’ हे वाक्य ओठांवर आलं तरी गिळा.

नातेवाइकांना एवढं सांगा : ती धर्मांचा अभ्यास करते, जसा कोणी इतिहासाचा किंवा समाजाचा करतो. अमेरिकेत हा विषय सरकारी विद्यापीठांत वाढला, त्याला न्यायालयाचाही हातभार आहे. १९६३मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांत प्रार्थना म्हणून होणारं बायबलवाचन घटनाबाह्य ठरवलं. पण त्याच निकालात म्हटलं की शिक्षणाचा भाग म्हणून धर्माचा तटस्थ अभ्यास करायला कोणतीही आडकाठी नाही. त्यानंतर एकामागून एक सरकारी विद्यापीठांत असे विभाग निघाले. तिथे शिकणारा स्वतः श्रद्धाळू असतो किंवा नसतो. वर्गात तो प्रश्न कोणी विचारत नाही.

तिच्या वडिलांची पोटापाण्याची काळजी खोटी नाही. पीएचडीला सहा-सात वर्षं जातात आणि प्राध्यापकाच्या नोकऱ्या कमी आहेत. तिला ते आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे. तो विषय एप्रिलच्या उत्तरार्धात काढा, हातात काय आहे ते कळल्यावर. आत्ता नको.

प्रश्न : एका राज्य विद्यापीठाने मला पीएचडीला प्रवेश आणि टीचिंग असिस्टंटशिप, म्हणजे शिकवण्याच्या कामाचा पगार, देऊ केला आहे, पण २० मार्चपर्यंत उत्तर मागितलं आहे. माझी पहिली पसंती असलेल्या विद्यापीठात मी प्रतीक्षायादीवर आहे. तिसऱ्याने पीएचडी नाकारून एमएला प्रवेश देऊ केला, पैसे मात्र काहीच नाहीत. झोप उडाली आहे.
— संभ्रमात असलेली

उत्तर : आधी अभिनंदन! अनुदानासह पीएचडी प्रवेश मिळाला, या आनंदाला तुम्ही पत्रात एक ओळसुद्धा दिलेली नाही.

आता तारीख. अमेरिकेत काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या ग्रॅज्युएट स्कूलांच्या संघटनेचा एक ठराव आहे, ज्यावर बहुतेक मोठ्या विद्यापीठांच्या सह्या आहेत. आर्थिक साहाय्याच्या प्रस्तावाला १५ एप्रिलच्या आधी उत्तर देण्याचं बंधन विद्यार्थ्यावर नाही, असं तो सांगतो. त्याआधीची मुदत घालणं ठरावाच्या हेतूविरुद्ध आहे. तुमचं विद्यापीठ सही करणाऱ्यांच्या यादीत आहे का, ते काउन्सिलच्या संकेतस्थळावर पाहा. असेल तर ग्रॅज्युएट डायरेक्टरना नम्रपणे ठरावाचा उल्लेख करून १५ एप्रिलपर्यंत वेळ मागा. बऱ्याचदा विभागात कोणीतरी जुनाच मजकूर पाठवलेला असतो, आणि लगेच ‘हो’ येतं. भांडणाचा सूर नको. पुढची सहा वर्षं कदाचित याच लोकांबरोबर काढायची आहेत.

एमएचा प्रस्ताव सोडा. कर्ज काढून एमए केलं की तेच विद्यापीठ पुढे पीएचडीला घेईल, असं कोणी लिहून देत नाही. हातात पगारी पीएचडी असताना तर मुळीच नको. आणि तो आजच सोडा, कारण तुम्ही अडवून ठेवलेल्या जागेकडे डोळे लावून दुसरं कोणीतरी बसलं आहे. प्रतीक्षायादी हलते ती याच कारणाने, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. दोन-तीन प्रस्ताव धरून बसलेली मुलं तेव्हा एकेक सोडू लागतात. १४ तारखेच्या संध्याकाळी फोन आलेली मुलं मी पाहिली आहेत.

दरम्यान राज्य विद्यापीठाला साधे प्रश्न विचारा. पैसे किती वर्षांची हमी धरून? उन्हाळ्याचं काय? आरोग्यविमा त्यात आहे का? पहिल्या वर्षापासून शिकवायचं का, आणि आठवड्याला किती तास? व्हिसासाठी विद्यापीठाकडून आय-ट्वेंटी हे प्रवेशाचं प्रमाणपत्र काढताना पहिल्या वर्षाच्या खर्चाची सोय दाखवावी लागते, तिथे फंडिंगचं पत्र चालतं. म्हणून सगळं लेखी मागा. तिथल्या सध्याच्या दोघा विद्यार्थ्यांशी बोला, शक्यतो तुमच्याच मार्गदर्शकाच्या. पत्रात न लिहिलेलं सगळं तेच सांगतील.

पसंतीच्या विद्यापीठाला एकच पत्र लिहा, आणि त्यातलं पहिलं वाक्य खरं असेल तरच लिहा : ‘तुमच्याकडे जागा झाली तर मी नक्की येईन. माझ्याकडे दुसरा प्रस्ताव आहे आणि त्याला १५ एप्रिलपर्यंत उत्तर द्यायचं आहे. माझा अर्ज अजून विचारात आहे का, आणि माझ्या उपशाखेत कोणाचा निर्णय यायचा आहे का, एवढं कळवता आलं तर आभारी राहीन.’ खाली नाव आणि अर्ज क्रमांक. बाकी काही घालू नका. सोमवारी सकाळी पाठवा, म्हणजे आठवडाभरात ते कोणाच्या तरी बैठकीत निघेल.