वाचक विचारतात : संध्याकाळचा मोडीवर्ग

२०२३ मध्ये कुणबी नोंदींची शोधमोहीम सुरू झाली, जुनी दप्तरे उघडली गेली आणि ती ज्या मोडी लिपीत आहेत ती वाचणारे कमी पडू लागले. त्यानंतर वाचनालये, ज्येष्ठ नागरिक संघ, सोसायट्यांचे हॉल अशा ठिकाणी संध्याकाळचे मोडीवर्ग निघाले. या वेळचे प्रश्न त्याच वर्गांबद्दलचे आहेत. उत्तरे असे वर्ग घेणाऱ्या आणि रोज दप्तर हाताळणाऱ्या जाणकारांची आहेत.

आमच्या वाचनालयात आठवड्यातून दोनदा, सात ते साडेआठ असा वर्ग घेतो. पहिल्या दिवशी तीसजण येतात, पाचव्या आठवड्यात आठ उरतात. शिक्षक चांगले आहेत. मग चुकते कुठे?

बहुधा बाराखडीत. ‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंत सगळी बाराखडी गिरवून झाल्याशिवाय कागद हातात द्यायचा नाही, असा बऱ्याच वर्गांचा रिवाज आहे. नोकरी उरकून आलेला माणूस महिनाभर गिरवतो, मग एक दिवस खरा कागद बघतो आणि त्याला त्यातले अक्षरही लागत नाही. तो परत येत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही.

तिसऱ्या बैठकीपासून कागद वाचायला घ्या. पहिल्या बैठकीत प्रत्येकाने आपले नाव, गाव आणि तालुका एवढेच लिहायचे. शिरोरेघ आधी ओळभर आखून घ्यायची आणि मग अक्षरे तिला लटकवायची. देवनागरीसारखी शेवटी रेघ मारायची सवय पहिल्याच दिवशी मोडली नाही, तर पुढे हात अडतो. दुसऱ्या बैठकीत रूपसाम्य असलेली अक्षरे एकत्र घ्या, वर्णमालेचा क्रम सोडून द्या. ‘र’ला मात्र स्वतंत्र पंधरा मिनिटे द्या. शब्दात तो कुठे येतो आणि त्याच्या शेजारी कोण आहे, यावर त्याचे रूप बदलते, आणि नवशिके सर्वांत जास्त तिथेच अडखळतात.

तिसऱ्या बैठकीला एखादे खरेदीखत घ्या. त्याचे सगळे वाचन करायचे नाही, फक्त चतुःसीमा शोधायची : पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस, उत्तरेस. हे चार शब्द एकमेकांजवळ येणारच, आणि शेवटचे ‘-स’ चारही ठिकाणी तेच. ते सापडले की त्यांतली अक्षरे घेऊन आजूबाजूचे शब्द उकलायचे. पत्र असेल तर मायन्यापासून सुरुवात करा. ‘राजमान्य राजश्री’, ‘साष्टांग नमस्कार’, ‘बहुत काय लिहिणे’ हा साचा सगळ्यांच्या कानावरून गेलेला असतो. काय लिहिलेले असणार हे आधी ठाऊक असले की डोळा अक्षर लवकर पकडतो.

दीड तासाची वाटणी साधारण अशी ठेवा : पंधरा मिनिटे मागच्या कागदाची उजळणी, पस्तीस मिनिटे नवीन अक्षरे, चाळीस मिनिटे वाचन. एका शिक्षकामागे पंधराच्या वर माणसे घेऊ नका, कारण वाचताना प्रत्येकाच्या शेजारी जाऊन उभे राहावे लागते. आणि हॉलमधल्या दिव्यांकडेही बघा. चाळिशी ओलांडलेल्यांना पिवळट उजेडात झेरॉक्सवरचा बारीक उकार दिसत नाही. ए-४ कागद १४१ टक्क्यांनी मोठा केला की ए-३वर नेमका बसतो, तशाच प्रती वाटा. फिकट तपकिरी शाईच्या कागदाची थेट झेरॉक्स काढली तर नाजूक रेषा उडून जातात. आधी करड्या छटांत ३०० डीपीआयवर स्कॅन करा, गडद करा आणि मग छापा.

अक्षरे लागतात, पण अर्थ लागत नाही. असे का होते?

मोडीत शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, विरामचिन्हे नसतात आणि ओळ संपली तर शब्द मध्येच तुटतो. ‘रामाजीवनाजी’ हे रामाजी वनाजीही असेल आणि रामा जीवनाजीही. त्यात ऱ्हस्व-दीर्घ वेगळे काढलेले नसतात, म्हणजे दिन आणि दीन, सुत आणि सूत दिसायला सारखेच. उपाय एकच : आधी सगळी ओळ अक्षरशः, न तोडता देवनागरीत उतरवायची. शब्द पाडायचे ते नंतर पेन्सिलने, म्हणजे खोडता येतात. वाचता वाचता शब्द तोडणारा माणूस पहिल्या चुकीच्या तोडीला धरून पुढची चार अक्षरेही चुकीची वाचतो.

नाव नीट लागत नसेल तर त्याच कागदात ते पुन्हा कुठे आले आहे ते बघा. साक्षीदारांच्या सह्यांपाशी बऱ्याचदा उलगडा होतो.

आमच्या कागदावर ‘छ १० रज्जब, सन खमस सबैन मया व अलफ’ असे आहे. पुढे रकमेत ‘२॥=’ दिसते. हे कसे वाचायचे?

‘छ’ म्हणजे चंद्र, हिजरी महिन्याची तारीख. पुढचा सन सुहूर, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांतल्या कालगणनेचा आहे, आणि तो अरबी शब्दांत एककापासून चढत जातो : खमस ५, सबैन ७०, मया १००, अलफ १०००. झाले ११७५. सुहूर सन मृगाला बदलतो, म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदात ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. त्या वर्षी रज्जब सप्टेंबरात आला होता, तेव्हा तुमचा कागद सप्टेंबर १७७४चा. रीत पडताळायची तर पानिपत घ्या. तो सन इहिदे सितैन मया व अलफ, म्हणजे ११६१. लढाई १४ जानेवारीची, म्हणून ६०० मिळवून १७६१. सरसकट ५९९ मिळवणारे इथे एक वर्ष मागे जातात.

रकमेत उभी रेघ म्हणजे चार आणे आणि आडवी म्हणजे एक आणा. ‘२॥=’ म्हणजे अडीच रुपये दोन आणे, दोन रुपये दहा आणे. पण हीच दोन उभी दंडे ‘मु॥’मध्ये आली तर तो मुक्कामचा संक्षेप असतो. आकड्यानंतर आली तर अर्धा, अक्षरानंतर आली तर संक्षेप, एवढे लक्षात ठेवले की बहुतेक घोटाळा टळतो.

बोरू आणावाच लागतो का?

नाही. वाचायला शिकायचे असेल तर मऊ पेन्सिल आणि एकरेघी वही पुरते. एक ओळ सोडून लिहा. बोरूची हौस असेल तर शाई शोषणारा कागद टाळा, शाई पसरते.

मोबाइलवर मोडी फॉन्ट आहेत. त्यावर सराव केला तर?

युनिकोडमध्ये मोडी २०१४ साली आली आणि नोटो सान्स मोडी हा फॉन्ट मोफत मिळतो. बाकीचे बरेच फॉन्ट देवनागरीलाच मोडीचा वेष चढवतात. दुसऱ्या फोनवर पाठवले की मजकूर पुन्हा देवनागरी दिसतो. अक्षरओळखीला दोन्ही चालतील. पण फॉन्टमध्ये प्रत्येक ‘क’ सारखाच असतो, कारकुनाच्या हातचा नसतो. दोन आठवड्यांनंतर फॉन्ट बाजूला ठेवा.

घरचे जुने खत वर्गात वाचून घेतले तर ते जमिनीच्या कामात चालेल का?

चालणार नाही. महसूल कार्यालयात किंवा कोर्टात अधिकृत लिप्यंतरकाराची सही-शिक्क्याची प्रत मागतात. वर्गातल्या वाचनाचा उपयोग कागद कशाचा आहे, कोणत्या साली कोणी कोणाला लिहून दिला, हे कळण्यापुरता. पुराभिलेख संचालनालयही मोडीचे प्रशिक्षण देते. व्यवसाय म्हणून पाहत असाल तर तिकडे चौकशी करा.

मूळ कागद वर्गात नेऊ नका. घडीवर तो आधीच विरलेला असतो आणि पंधरा हातांतून फिरला की तिथेच फाटतो. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता, वरून सरळ फोटो काढा. पाठीमागची बाजूही घ्या. मुद्रांकाची नोंद आणि तारीख पुष्कळदा तिकडेच असते. भाऊबंदकीचा वाद चालू असेल तर फोटोही वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका, शिक्षकांना एकट्याला दाखवा. आणि चिकटपट्टी कधीही लावू नका. काही वर्षांत ती पिवळी पडते आणि काढताना शाई घेऊन निघते.