व्हीलचेअर एका बाजूला ओढते आणि पुढची चाकं थरथरतात, काय करावं?

वडिलांची खुर्ची सरळ ढकलली तरी डावीकडे जाते आणि जरा वेग घेतला की पुढची चाकं थडथडतात, असं तुम्ही लिहिलंय. मी स्वतः रोज व्हीलचेअर वापरतो, म्हणून कळकळीने सांगतो, हे अंगावर काढू नका. पुढचं चाक अचानक अडलं की बसलेला माणूस थेट पुढे फेकला जातो.

आधी मागच्या टायरांत हवा सारखी आहे ना ते बघा आणि खुर्ची सपाट फरशीवर चालवून बघा. रस्त्याच्या उतारामुळेही ती ओढते.

मग पुढच्या चाकांचे बोल्ट काढा. बहुतेक वेळा तिथे केस, धागे आणि चिखलाचा घट्ट गुंडाळा निघतो. वॉशर कुठल्या क्रमाने आहेत त्याचा आधी मोबाइलवर फोटो घ्या, नाहीतर लावताना गोंधळ होतो. गुंडाळा ब्लेडने कापून काढा. चाक बोटाने फिरवल्यावर खरखर जाणवली तर बेअरिंग बदला. नंबर त्यावरच कोरलेला असतो. बऱ्याच खुर्च्यांत ६०८ निघतं, म्हणजे आतून ८, बाहेरून २२ आणि रुंदीला ७ मिलिमीटर. स्केटच्या चाकांतही हेच असतं, त्यामुळे बेअरिंगच्या कुठल्याही दुकानात मिळेल. गंज सोडवायचा स्प्रे मात्र मारू नका, त्याने आतलं ग्रीस धुऊन जातं.

थरथरीचं मूळ बहुतेक वेळा चाकात नसतं. फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, ज्या उभ्या दांड्यावर फिरतो, तिथे असतं. वडिलांना उतरवून रिकामी खुर्ची पाठीवर आडवी करा. फोर्क हाताने वर नेऊन सोडून द्या. तो खाली येऊन दोन्ही बाजूंना एकेकदा थोडासा झुलून थांबला, तर त्या दांड्याचा नट बरोबर आवळलेला आहे. झुलतच राहिला तर नट ढिला, खाली येताच गप्प थांबला तर जास्त आवळलेला. पाव-पाव फेरा फिरवत जा, प्रत्येक वेळी पुन्हा बघा. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, आपोआप ढिला न होणारा) बरेचदा उघडला असेल तर नवाच घाला, जुना धरत नाही.

तो दांडा जमिनीशी काटकोनातही हवा. सुताराचा गुण्या लावून बघा. मागची चाकं किंवा टायर वेगळ्या मापाचे बसवले की खुर्ची पुढे-मागे कलते आणि हा कोन बिघडतो. ॲक्टिव्ह खुर्च्यांमध्ये, म्हणजे स्वतः चालवायच्या हलक्या खुर्च्यांमध्ये, तो बहुधा जुळवता येतो. घडीच्या साध्या खुर्चीत बहुधा सोय नसते, तिथे मूळ मापाचीच चाकं परत लावावी लागतात.

चारही चाकं एकाच वेळी जमिनीला टेकतात का तेही बघा. एक पुढचं चाक जास्त झिजलं असेल तर बदलताना जोडीच घ्या. नवं-जुनं एकत्र लावलं तर उंचीत फरक राहतो आणि खुर्ची पुन्हा ओढायला लागते.