माइकचा पॅटर्न (तो कोणत्या दिशांचा आवाज पकडतो ते) नंतर ठरवायचा असेल तर

ऑस्ट्रियन ऑडिओचा ओसी८१८ माइक घेतलायस ना, मग पुढची आणि मागची कॅप्सूल (आवाज पकडणारा भाग) दोन वेगळ्या ट्रॅकवर घे. दोन्हींचा गेन (आवाज किती वाढवून घ्यायचा ते) अगदी सारखा ठेव, नाहीतर नंतर पॅटर्न ठरवणाऱ्या पोलर डिझायनर प्लगइनमधलं गणितच बिघडतं. या मोफत प्लगइनमध्ये पाचपर्यंत बँड (खालच्या-वरच्या सुरांचे पट्टे) करता येतात, प्रत्येकाला वेगळा पॅटर्न. गायक माइकला चिकटून गायला आणि आवाज खालच्या सुरांत घुमतोय? फक्त खालचा बँड ऑम्नीकडे (सगळ्या दिशांचा आवाज घेणारा पॅटर्न) ने, वरचे कार्डिऑइडच (मुख्यतः समोरचा आवाज घेणारा) राहू दे. ईक्वलायझरने बेस कापण्यापेक्षा मला हे कितीतरी स्वाभाविक वाटतं. ऑम्नीत पंख्याची घरघर मात्र वाढते, तो आधीच बंद कर (गायक कुरकुरेल, कुरकुरू दे). शेजारी तबला असेल तर फिगर-एट (पुढचा-मागचा आवाज घेतो, बाजूंचा टाळतो) करून बघ. पण त्यासाठी तबला माइकच्या बरोबर ९० अंशांवर हवा आणि ती मांडामांड रेकॉर्डिंगआधीच करावी लागते.