कमरेचा एमआरआय आणि बोटांच्या मुंग्या

प्रश्न : मी रावेर तालुक्यातील केळी उत्पादक शेतकरी असून माझे वय ४६ वर्षे आहे. कापणीच्या वेळी घडही मी स्वतः वाहतो. आठ महिन्यांपासून माझी कमर दुखते, पाच महिन्यांपासून दोन्ही तळपायांची आग होते आणि अलीकडे हातांच्या बोटांनाही मुंग्या येतात. कमरेच्या एमआरआयमध्ये चौथ्या व पाचव्या मणक्यांमधील गादी फुगल्याचे निघाले. एका डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली. दुसऱ्यांनी काही विशेष नाही असे सांगून ताकदीची इंजेक्शने दिली. उपाशीपोटीची साखर नॉर्मल आहे. मी माळकरी आहे. घरचे आता याला मनाचे खेळ म्हणू लागले आहेत. नेमके निदान कोणाकडून करून घ्यावे? शस्त्रक्रिया करावी का?

उत्तर : बोटांच्या मुंग्यांचा उल्लेख आपल्या पत्रात ओघात आला आहे, मला मात्र तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हातांकडे जाणाऱ्या नसा मानेतून निघतात, त्यामुळे कमरेतील गादी कितीही फुगली तरी तिच्यामुळे बोटांना मुंग्या येणार नाहीत. शिवाय त्या ठिकाणी नस दाबली गेली, तर बहुधा एकाच पायात, नितंबापासून पोटरीच्या बाहेरच्या बाजूने अंगठ्याकडे कळ उतरते. दोन्ही तळव्यांची सारखी आग होणे हे चित्र निराळे आहे. पाठदुखी मुळीच नसलेल्या ३,११० व्यक्तींच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला, त्यात चाळिशीतल्या सुमारे निम्म्या लोकांची गादी फुगलेली होती. घड वाहणाऱ्या माणसाच्या कमरेत ती दिसली नसती, तरच मला नवल वाटले असते. तेव्हा कमरदुखी आणि नसांचा त्रास ही दोन स्वतंत्र दुखणी असू शकतात, हे धरून चालावे आणि तूर्त शस्त्रक्रियेचा विचार बाजूला ठेवावा.

माळकरी म्हणजे अंडी-मांस वर्ज्य, म्हणून पहिला संशय ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा येतो, कारण शाकाहारात ते जवळजवळ केवळ दुधादह्यातूनच मिळते. रात्रीची वीज आल्यावर मोटार सुरू करायला बांधावरून अंधारात जाताना तोल जातो का, तोंड धुताना डोळे मिटताच झोक जातो का, पायातून चप्पल निसटलेली कळत नाही असे होते का, हे आठवून डॉक्टरांना सांगावे. अडचण अशी, की ताकदीच्या इंजेक्शनांत बहुधा ब-१२ च असते आणि ती घेतल्यानंतर रक्तातील पातळी भरपूर दिसते, त्यामुळे मूळची कमतरता झाकली जाते. म्हणून इंजेक्शनांची चिठ्ठी आणि त्यापूर्वीचा रक्ताचा एखादा जुना रिपोर्ट सोबत न्यावा. ब-१२ कमी पडले की रक्तातील तांबड्या पेशींचा आकार बहुधा वाढतो; तो तेव्हा वाढलेला होता का, हे त्यातून समजू शकते. साखरेसाठीही तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी करून घ्यावी. थायरॉइड आणि मद्यपान यांचीही चौकशी होईल. संकोच न करता खरे सांगावे. अंगावर फिकट, बधिर चट्टा असल्यास तो अवश्य दाखवावा, कारण कुष्ठरोगही नसांवरच घाला घालतो आणि त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.

एवढ्या धावपळीत कोणी आपल्या गुडघ्यावर हातोडीने टकटक केल्याचा किंवा घोट्यावर कंप पावणारा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे कंपाची जाणीव तपासणारा धातूचा चिमटा, ठेवल्याचा उल्लेख पत्रात नाही, याचे मला वाईट वाटते. निदानाची दिशा तेथेच ठरते. गुडघ्याचा झटका मंदावलेला असेल, तर रोख हातापायांच्या नसांकडे जातो आणि नसांच्या वहनाची तपासणी, म्हणजे एनसीव्ही, करावी लागते. तो वाजवीपेक्षा जोरकस असेल, तर मानेत मज्जारज्जू दाबला जात असण्याची शक्यता धरून मानेचा एमआरआय काढावा लागतो. एनसीव्ही नॉर्मल आली म्हणूनही आग खोटी ठरत नाही, कारण अतिबारीक नसांचा बिघाड तीत दिसत नाही. घरच्यांना हे अवश्य सांगा. ही सारी तपासणी आधी फिजिशियनकडून आणि मग न्यूरोलॉजिस्टकडून करून घ्यावी; खर्चाचा प्रश्न असेल, तर जळगाव किंवा धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मेडिसिन विभागापासून सुरुवात करावी. नुसता रिपोर्ट न नेता एमआरआयच्या फिल्म न्याव्यात आणि कोणते लक्षण कोणत्या महिन्यात सुरू झाले, हे एका कागदावर लिहून न्यावे.

लघवी तुंबली, गुदद्वाराभोवतीचा व मांड्यांमधला भाग बधिर झाला किंवा पाऊल उचलेनासे झाले, तर मात्र ओपीडीच्या वाराची वाट न पाहता त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. संध्याकाळचा बारीक ताप, घटते वजन आणि रात्री झोपेतून उठवणारी कमरदुखी असेल, तर मणक्याच्या क्षयाची तपासणी त्याच आठवड्यात करून घ्यावी.